खुब्याचा सांधा बदलल्यानंतर : तोल आणि चाल परत मिळविताना

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, खाटांचा वापर, जमाखर्च आणि देणगीदारांची यादी यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. तथापि, शस्त्रक्रियेची नोंद ज्या दिवशी आमच्या दप्तरी पूर्ण होते, त्या दिवशी रुग्णाचे काम संपलेले नसते. काही शस्त्रक्रियांच्या बाबतीत तर ते त्याच दिवशी सुरू होते. खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ही त्यांपैकी एक होय.

प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यवसायातील नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाच्या प्रशासनाचे काम पाहतो. अस्थिरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि परिचारिका यांच्या सहवासात जे समजून घेता आले, ते सर्वसामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. तो करावासा वाटण्याचे एक कारण सांगितले पाहिजे. रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी बिलाच्या खिडकीशी नातेवाईक जे प्रश्न विचारतात ते बहुधा ठरलेले असतात : टाके केव्हा काढायचे, औषधे किती दिवस द्यायची, पथ्य काय पाळायचे. ‘पूर्वीसारखे चालता यावे म्हणून घरी काय करून घ्यायचे?’ हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. वास्तविक संपूर्ण शस्त्रक्रियेचे सार्थक त्याच एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

शस्त्रक्रियेने काय साधते

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीत फिरते आणि त्यामुळे पाय पुढे, मागे, बाजूला आणि गोलाकार हलू शकतो. वाढत्या वयात कूर्चा झिजल्यामुळे, संधिवातामुळे, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते निकामी झाल्यामुळे, किंवा पडून मांडीच्या हाडाची मान मोडल्यामुळे हा सांधा बदलण्याची वेळ येते. रक्तपुरवठा खंडित होण्याचा विकार आपल्याकडे तरुण आणि मध्यमवयीन व्यक्तींतही आढळतो. त्यामुळे ही शस्त्रक्रिया केवळ वृद्धांची राहिलेली नाही.

आधुनिक स्वरूपातील या शस्त्रक्रियेचे श्रेय इंग्लंडमधील शल्यविशारद सर जॉन चार्न्ले यांना दिले जाते. त्यांनी लँकेशायरमधील रायटिंग्टन रुग्णालयात प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. परंतु ती लवकर झिजत असे. पुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचे लहान डोके अशी रचना वापरली आणि ती टिकाऊ ठरली. ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात या शस्त्रक्रियेला ‘शतकातील शस्त्रक्रिया’ असे गौरविले. हा गौरव अनाठायी नाही. वर्षानुवर्षे रात्रीची झोप हिरावून घेणारी वेदना या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांत नाहीशी होते.

मात्र वेदना जाणे आणि चालता येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली शल्यविशारदाच्या हातून होते. दुसरी रुग्णाला स्वतः मिळवावी लागते.

सांधा नवा, स्नायू जुनेच

आपण चालतो तेव्हा दोन पायांवर चालतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साधारण गतीने चालताना सुमारे ८० टक्के वेळ शरीराचा सगळा भार एकाच पायावर असतो, आळीपाळीने उजव्या आणि डाव्या. एका पायावर उभे असताना कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तिला ओढून धरतात. हे समजण्यासाठी तराजूची कल्पना करावी. सांधा हा तराजूचा मध्य. आतल्या बाजूला शरीराचे वजन आणि बाहेरच्या बाजूला स्नायूंची ओढ. परंतु या तराजूची दांडी दोन्ही बाजूंना सारखी नाही. वजनाची बाजू लांब आणि स्नायूंची बाजू आखूड आहे. साहजिकच तोल साधण्यासाठी स्नायूंना शरीराच्या वजनाहून पुष्कळ अधिक ओढ द्यावी लागते आणि दोन्ही बाजूंचा भार सांध्यावर येतो. जर्मनीत बर्लिन येथे गिऑर्ग बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्याच्या आत मापक बसवून हा भार प्रत्यक्ष मोजला. साध्या चालण्यात तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भरला, आणि ठेच लागून तोल सावरताना सातपटींहूनही अधिक नोंदला गेला. ठेच टाळणे का महत्त्वाचे, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आता सांधा दुखत असताना रुग्ण काय करीत होता हे पाहू. वेदना टाळण्यासाठी तो त्या पायावर कमीत कमी वेळ टेकत होता आणि धड त्याच बाजूला झुकवून पाऊल टाकत होता. अशा लंगडण्यात बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना काम उरत नाही आणि ते अशक्त होतात. एका पायावर उभे राहिल्यास कंबर विरुद्ध बाजूला खाली जाते. ही खूण जर्मन शल्यविशारद फ्रिडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली वर्णिली आणि आजही तपासणीत तिचा उपयोग होतो. शस्त्रक्रियेने सांधा एका दिवसात बदलला, तरी हे अशक्त स्नायू एका दिवसात बदलत नाहीत. शिवाय सांध्यापर्यंत पोहोचताना काही स्नायू बाजूला सारावे वा छेदून पुन्हा शिवावे लागतात. म्हणून वेदना गेल्यानंतरही रुग्ण जुन्या सवयीने लंगडतच राहतो, आणि घरच्यांना वाटते की शस्त्रक्रिया फसली. तसे नसते. स्नायूंना बळ आणि मेंदूला नवी सवय लावण्याचे काम तेवढे राहिलेले असते.

काही रुग्णांना सुरुवातीस शस्त्रक्रियेचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. अनेकदा हे आखडलेल्या स्नायूंमुळे आणि तिरकी उभे राहण्याची सवय जडलेल्या कमरेमुळे होते आणि व्यायामाने ओसरते. तज्ज्ञांना न विचारता चपलेखाली उंची वाढविण्याची घाई करू नये.

तोल कशाने राहतो

शरीराचा तोल तीन आधारांवर उभा असतो : डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि स्नायू, सांधे व तळपाय यांच्याकडून मेंदूला मिळणारी जाणीव. पाय कोठे आहे आणि किती वाकला आहे हे न पाहता कळते ते या तिसऱ्या आधारामुळे. शस्त्रक्रियेत सांध्याभोवतीच्या आवरणाचा काही भाग छेदला जातो आणि स्नायूही दुर्बळ असतात. त्यामुळे काही काळ हा आधार डळमळीत होतो. रुग्ण नकळत डोळ्यांवर अधिक विसंबू लागतो आणि पायांकडे पाहत चालतो. याचा एक व्यावहारिक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तोंडाला साबण लावताना डोळे मिटले जातात आणि नेमक्या त्याच वेळी पाय ओल्या फरशीवर असतात. आरंभीचे काही आठवडे तोंड धुणे व स्नान बसूनच करावे, असा सल्ला देतात तो याच कारणासाठी.

वृद्धांच्या बाबतीत मोतीबिंदू, दुहेरी भिंगाचा चष्मा, झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाची औषधे यांचाही तोलावर परिणाम होतो. दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पाहत जिना उतरताना पायरी अस्पष्ट दिसते. रात्री अंथरुणातून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. म्हणून आधी बसावे, क्षणभर थांबावे आणि मगच उभे राहावे.

चालणे हे लक्ष देण्याचेही काम आहे. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक साधे निरीक्षण मांडले : जे वृद्ध चालता चालता बोलू लागले की थांबतात, त्यांना पुढे पडण्याचा धोका अधिक असतो. कारण त्यांचे चालणे सहजतेने होत नसते. त्यासाठी सारे लक्ष खर्ची पडत असते. घरच्यांनी यातून एवढे घ्यावे की आजोबा चालत असताना त्यांना मागून हाक मारू नये, त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या देऊ नये आणि फोन वाजला तर घाईने उठायला लावू नये.

पडण्याची भीती हा आणखी एक अडथळा. जो एकदा पडला आहे, तो पुन्हा पडू नये म्हणून हालचालच कमी करतो. त्याने स्नायू आणखी क्षीण होतात आणि पडण्याचा संभव उलट वाढतो. प्रेमापोटी ‘तुम्ही बसा, मी देतो’ असे दिवसभर म्हणणारे कुटुंब याच भीतीला हातभार लावीत असते. सुरक्षित जागी, सोबत उभे राहून, रुग्णाला स्वतः करू देणे हीच खरी सेवा.

टप्प्याटप्प्याने

प्रत्येक रुग्णाचे वय, हाडांची स्थिती आणि शस्त्रक्रियेची पद्धत निराळी असल्याने नेमका कार्यक्रम तज्ज्ञच ठरवितात. तरीही सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

पहिल्या काही दिवसांत, बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशी वा दुसऱ्या दिवशीच, रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करून काही पावले चालविले जाते. हे नातेवाइकांना निष्ठुरपणाचे वाटते. परंतु पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो.

पुढील सुमारे सहा आठवडे चालण्याचे अंतर हळूहळू वाढवायचे असते. अंथरुणात कंबर उचलणे, मांडीचे स्नायू आवळणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून पाय बाजूला नेणे, टाचा उचलणे आणि भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे असे व्यायाम दिले जातात. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम तोंडपाठ असावा. वळताना शस्त्रक्रियेच्या पायावर गिरकी घेऊ नये. लहान लहान पावलांनी वळावे.

वॉकर सुटून काठी आली की ती कोणत्या हातात धरायची याविषयी बहुतेकांची चूक होते. दुखऱ्या पायाच्या बाजूलाच काठी धरावी असे सहज वाटते. योग्य रीत उलट आहे : उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. वर सांगितलेल्या तराजूत वजनाची बाजू लांब आहे. काठी त्या बाजूला टेकली म्हणजे थोड्याशा दाबानेही स्नायूंचे ओझे पुष्कळ हलके होते.

तिसऱ्या टप्प्यात, साधारणतः सहा आठवड्यांनंतर, तोलाचे खरे शिक्षण सुरू होते. आधाराजवळ उभे राहून एका पायावर काही सेकंद तोल धरणे, ओट्याच्या कडेने आडवे चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि एका पावलापुढे दुसरे पाऊल टाकून चालणे यांचा त्यात समावेश असतो. नेमका याच सुमारास रुग्ण ‘आता बरे आहे’ असे म्हणून येणे थांबवतो. स्नायूंचे बळ आणि चालीतील समतोल यांत पुढेही अनेक महिने, काहींच्या बाबतीत वर्षभर, सुधारणा होत राहते. मात्र व्यायाम चालू असला तरच.

प्रगती मोजण्याची एक सोपी चाचणी १९९१ पासून जगभर प्रचलित आहे. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या गतीने ३ मीटर चालत जायचे, वळून परत यायचे आणि पुन्हा बसायचे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असे समजून अधिक तपासणी करतात. अधिक बारकाईची ‘बर्ग’ तोलमापन चाचणीही आहे. तीत १४ कृती आणि ५६ गुण असतात. भौतिकोपचारतज्ज्ञांनी अनुमती दिल्यावर पहिली चाचणी घरी, सोबत कोणी उभे असताना, महिन्यातून एकदा करून आकडे वहीत लिहावेत. कमी होत जाणारे सेकंद पाहून रुग्णाला जो धीर येतो, तो शब्दांनी येत नाही.

घराची तयारी

पाश्चात्त्य पुस्तकांतील सूचना आपल्या घरांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आपले जेवण, देवपूजा आणि शौच यांत उकिडवे वा मांडी घालून बसण्याची सवय आहे. सांध्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया केली असल्यास आरंभीच्या काळात खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकविणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळविणे यांमुळे सांधा निखळण्याचा धोका असतो. ही बंधने किती काळ पाळायची आणि पुढे मांडी घालता येईल की नाही, हे शल्यविशारदांनाच विचारावे. शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये.

रुग्ण घरी येण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. शौचालयात उंच बैठक आणि भिंतीत घट्ट बसविलेली धरण्याची दांडी असावी. मोरीत व न्हाणीघरात पाणी साचू देऊ नये. तेथे हात असलेली प्लॅस्टिकची मजबूत खुर्ची ठेवावी. सुटी पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवाव्यात. उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी लावावी. अंथरुणापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. साडीचा वा धोतराचा घोळ टाचेच्या वर राहील असे पाहावे. सैल चपला वापरू नयेत. मागून पट्टा असलेली पादत्राणे घालावीत. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, केवळ एक दिवसाचे लक्ष लागते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र वाट न पाहता रुग्णालयात यावे : खुब्यात वा जांघेत अचानक तीव्र वेदना होऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणे व त्यावर भार देता न येणे, पोटरी सुजून दुखणे, जखमेतून स्राव येणे किंवा ताप येणे. एकाएकी धाप लागल्यास वा छातीत दुखू लागल्यास तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

खर्चाची दुसरी बाजू

हिशेबाच्या भाषेत खर्च दोन प्रकारचे : भांडवली आणि महसुली. यंत्र विकत घेणे हा भांडवली खर्च आणि ते चालते ठेवणे हा महसुली. केवळ पहिला करून दुसरा टाळला तर यंत्र गंजते. कृत्रिम सांधा हा भांडवली खर्च आहे; त्यासाठी देणगी मिळते, कारण तो दाखविता येतो. भौतिकोपचारतज्ज्ञांचे मानधन, रुग्णाच्या खेपा आणि घरातली एक दांडी यांवर कोनशिला बसत नाही.

कायद्यानुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात, तसेच बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या व्यवस्थेमुळे अनेकांच्या शस्त्रक्रिया होऊ शकतात. परंतु सवलतीचा हिशेब मुख्यतः खाटेशी जोडलेला आहे, आणि चाल परत मिळते ती खाट सोडल्यानंतर. आठवड्यातून दोन खेपा धरल्या तरी सहा आठवड्यांत बारा खेपा होतात. सोबत येणाऱ्यासह जाण्याची चोवीस आणि येण्याची चोवीस तिकिटे, आणि त्या सोबत्याचे बारा दिवसांचे बुडालेले काम. एस.टी.ने २०२२ साली ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि २०२३ साली महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू केल्याने हा भार काहीसा हलका झाला. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर गावाकडचा रुग्ण येईनासा होतो, याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणून तीन विनंत्या. देणगीदारांनी आपल्या देणगीचा काही अंश ‘शस्त्रक्रियोत्तर पुनर्वसन’ या कारणासाठी द्यावा. विश्वस्तांनी शस्त्रक्रियेच्या खर्चाचा विचार करताना पुढील बारा खेपांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. आणि कुटुंबीयांनी घरी जाण्याच्या दिवशी भौतिकोपचार विभागात थांबून व्यायाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, करून घेऊन शिकून जावेत. रोज सकाळ-संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटे घरातल्या एका माणसाने दिली, तर उदार देणगीने बसलेला सांधा देवळापर्यंत, बाजारापर्यंत आणि नातवंडांच्या शाळेपर्यंत चालत जाईल.



— प्रशासकीय अधिकारी